न दुखणाऱ्या पोटाचा इतिहास

१३ जुलै १९८५ रोजी सकाळी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एका पत्रावर सही करून आपले अधिकार उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याकडे सोपवले, आणि संध्याकाळी दुसऱ्या पत्रावर सही करून ते परत घेतले. मधले सुमारे आठ तास ते बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात होते. आधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर, मग गुंगीत. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ही घटना घटनादुरुस्तीच्या प्रकरणात येते. मला विचाराल तर तिची खरी जागा वैद्यकाच्या इतिहासात आहे. आदल्या दिवशी डॉक्टरांनी एक लांब, लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवून त्यांचे मोठे आतडे पाहिले होते, आणि त्या आतड्याच्या अगदी आरंभीच्या टोकाशी एक मोठी गाठ त्यांना दिसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ घोड्यावर बसत होता, लाकडे फोडत होता, त्याचे पोट दुखत नव्हते. काढलेल्या गाठीत कर्करोग निघाला. त्यानंतर रेगन १९ वर्षे जगले आणि २००४ साली, ९३ व्या वर्षी, निराळ्याच आजाराने गेले.

दिवाळी अंकात हा विषय कशाला, फराळाच्या ताटाशेजारी आतड्याच्या गोष्टी कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण आतडे हा शब्द आपल्याकडे इतका सोवळ्याबाहेरचा कधीच नव्हता. जिव्हाळ्याच्या माणसाला आपण आतड्याचे माणूस म्हणतो. दुःखाने आपले आतडे पिळवटते. आमच्या बेळगावकडे शेजारच्या कानडी घरात लेकराला ‘करुळिन कुडी’ म्हणतात, त्यातले ‘करुळु’ म्हणजेही आतडेच. माया ठेवायला दोन्ही भाषांना हा अवयव चालतो. तो तपासायची वेळ आली की मात्र दोन्ही भाषा गप्प बसतात आणि डॉक्टरांचा कागद इंग्रजीत येतो.

दुखते म्हणून वैद्याकडे जायचे, ही रीत माणसाइतकी जुनी. दुखत नसताना जायचे, आणि वैद्याने आपल्या धडधाकट शरीरात रोग शोधत हिंडायचे, ही कल्पना मात्र अगदी अलीकडची आहे. मोठ्या आतड्याच्या बाबतीत ती कशी रुजली, तिच्यावर विश्वास आधी बसला की पुरावा आधी आला, हे पाहण्यासारखे आहे. या प्रश्नाचे उत्तर २०२२ सालापर्यंत पुरते मिळालेले नव्हते.

आत डोकावून पाहण्याची धडपड जुनीच. सुश्रुतसंहितेत अर्शोयंत्राचे वर्णन येते : गाईच्या सडाच्या आकाराची, चार अंगुळे लांब नळी, पाहण्यासाठी आणि उपचारासाठी तिला छिद्रे ठेवलेली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या उत्खननातही असेच एक दोन पाळ्यांचे धातूचे यंत्र सापडले. म्हणजे पूर्वेचे आणि पश्चिमेचे वैद्य चार बोटे आत पोचले होते आणि तिथेच थांबले होते. अडचण दुहेरी होती. आत काळोख होता आणि वाट वाकडी होती. माणसाचे मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब. ते पोटात उजवीकडून वर चढते, आडवे जाते, डावीकडून उतरते आणि मग एक वेलांटी घेऊन बाहेर येते.

काळोखावर पहिला उपाय फ्रँकफुर्टच्या फिलिप बोत्सिनी या तरुण डॉक्टरने केला. १८०६ च्या सुमारास त्याने मेणबत्ती, आरसा आणि नळ्या यांचे एक यंत्र बनवले. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्यापीठाने त्याकडे पाहून नाक मुरडले. पुढे १८०९ मध्ये साथीच्या तापातल्या रोग्यांची शुश्रूषा करताना तोही त्याच तापाने गेला. वय अवघे ३५. त्यानंतर मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आला, पण नळी ताठच राहिली. ताठ नळी पंचवीस सेंटीमीटरपलीकडे जात नाही. वळणापाशी ती अडते.

प्रकाशाला वळवायचे कसे, हे शोधणाऱ्यांत एक नाव आपल्या देशाचे आहे. नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातील मोगा गावी १९२६ साली जन्मले. देहरादूनच्या शाळेत असताना ‘प्रकाश सरळ रेषेतच जातो’ असे शिक्षकांनी सांगितले आणि ते खोटे पाडण्याची ईर्षा तेव्हापासून मनात राहिली, ही आठवण ते स्वतः सांगत. (आम्हा मास्तर मंडळींना असे विद्यार्थी वर्गात असले की त्रास होतो, आणि नंतर त्यांचीच नावे आम्ही भाषणात घेतो.) लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी केसाएवढ्या बारीक काचतंतूंची जुडी बांधली. एका टोकाला धरलेले चित्र दुसऱ्या टोकाला दिसले, आणि जुडी वाकवली तरी दिसत राहिले. २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’ नियतकालिकात हा निबंध छापून आला. पुढे प्रकाशतंतूंच्या कामासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक चार्ल्स काओ यांना मिळाले. कपानींना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले ते २०२१ मध्ये.

त्या जुडीत एक दोष होता. तंतू एकमेकांना चिकटले की प्रकाश एकातून दुसऱ्यात पाझरे. तो दोष अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात दूर झाला. लॅरी कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने डिसेंबर १९५६ मध्ये काचेच्या कांडीवर निराळ्या काचेचे वेष्टण चढवून मग तिचा तंतू ओढला, आणि प्रकाश आतच राहिला. त्याचे वरिष्ठ बेसिल हर्शोवित्झ यांनी १९५७ च्या आरंभी त्या तंतूंची नळी प्रथम स्वतःच्या घशातून खाली उतरवली आणि मगच रोग्याच्या. हे जठर पाहण्याचे यंत्र होते. त्याच विद्यापीठात १९६३ साली बर्गीन ओव्हरहोल्ट यांनी खालच्या बाजूने जाणारी लवचीक नळी वापरून मोठ्या आतड्याचा शेवटचा हिस्सा पाहिला.

संपूर्ण आतडे पाहण्याचा मान मात्र इटलीच्या सार्डिनिया बेटाकडे जातो, आणि तिथली युक्ती विहिरीवर मोट चालवणाऱ्या माणसाला सुचावी अशी आहे. प्रोव्हेन्झाले आणि रेव्हिनियास या दोघांनी १९६५ मध्ये रोग्याला एक बारीक, लांब नळी गिळायला दिली. यथावकाश ती खालून बाहेर आली. तिच्या बाहेर आलेल्या टोकाला त्यांनी जठर पाहण्याची दुर्बीण बांधली, आणि वरून नळी ओढत दुर्बीण आतड्यातून थेट आरंभापर्यंत नेली. त्या रोग्याच्या सहनशक्तीची नोंद कोणी केली आहे की नाही, ठाऊक नाही.

खरे वळण न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात आले. हिरोमी शिन्या हे जपानहून आलेले तरुण शल्यविशारद आणि त्यांचे वरिष्ठ विल्यम वुल्फ यांनी जपानी कारखान्यांत तयार झालेली नवी, टोक हवे तसे फिरवता येणारी दुर्बीण हाती घेतली. दोरीने न ओढता, हाताने वळणे काढत काढत संपूर्ण आतडे पाहण्याची कला शिन्यांनी साधली. सप्टेंबर १९६९ मध्ये त्यांनी त्याच दुर्बिणीतून तारेचा एक फास आत सोडला, आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या कोंबाच्या देठाभोवती तो आवळला आणि विजेच्या उष्णतेने कोंब छाटून काढला. या कोंबालाच डॉक्टर पॉलिप म्हणतात. तोपर्यंत वरच्या भागातला पॉलिप काढायचा म्हणजे पोट उघडावे लागे. आता पाहणारा हात आणि काढणारा हात एकच झाला. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघाला आहे.

मध्ये एक भयंकर प्रकारही घडला. आतडे पाहायचे तर ते आधी स्वच्छ हवे. त्यासाठी मॅनिटॉल नावाची साखर पाण्यातून देत. आतड्यातले जिवाणू ती साखर आंबवतात आणि हायड्रोजन वायू तयार होतो. त्यात विजेचा फास पेटला की काय होणार? १९७९ साली फ्रान्समधून प्रसिद्ध झालेल्या अहवालात पॉलिप काढताना आतड्यात स्फोट होऊन रोगी दगावल्याची नोंद आहे. दुसऱ्याच वर्षी टेक्सासमधील जॉन फोर्डट्रान यांच्या गटाने पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पदार्थाचे एक द्रावण पुढे आणले. ते शरीरात शोषले जात नाही, आंबत नाही, आले तसे आतडे धुऊन निघून जाते. आजही तपासणीच्या आदल्या रात्री जे लिटरभर लिटरभर खारट पाणी प्यावे लागते आणि ज्याची आठवण लोक तपासणीपेक्षा अधिक काढतात, ते या द्रावणाचेच वंशज आहे.

पण निरोगी माणसाच्या आतड्यात जायचे कारण काय? ते लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात सापडले. १८३५ मध्ये गुदविकारांनी गांजलेल्या गरिबांसाठी सात खाटांवर सुरू झालेली ही संस्था. प्रतिष्ठित मंडळी ज्या दुखण्याचे नाव घेत नसत, त्याच दुखण्याला वाहिलेली. तिथले कथबर्ट ड्यूक्स हे १९२० च्या दशकात काढलेल्या आतड्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. कर्करोगाच्या शेजारी पॉलिप वारंवार आढळतात, आणि एखाद्या पॉलिपच्या पोटातच कर्करोगाची सुरुवात दिसते, हे त्यांनी आणि लॉकहार्ट-ममरी यांनी १९२८ मध्ये मांडले. रोग आतड्याच्या भिंतीपुरता आहे, भिंत ओलांडून गेला आहे, की जवळच्या ग्रंथींत पोचला आहे, यावरून रोग्याचे भवितव्य ठरते, ही ड्यूक्स यांची १९३२ ची प्रतवारी पुढे कितीतरी वर्षे जगभर वापरली गेली. त्याच रुग्णालयातील बेसिल मॉर्सन यांनी १९७० च्या दशकात पॉलिप ते कर्करोग ही पायरीपायरीची वाट पक्की केली. बहुतेक पॉलिप निरुपद्रवीच राहतात, थोडे वाढतात, त्यांतल्या काहींचा कर्करोग होतो, आणि त्याला बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. ही दहा वर्षे म्हणजे डॉक्टरांच्या हाती पडलेली सवड. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही.

मिनेसोटा विद्यापीठात व्हिक्टर गिल्बर्टसन यांनी ही सवड वापरायचे ठरवले. तिथे १९४८ पासून पंचेचाळिशी ओलांडलेल्या, काही त्रास नसलेल्या स्त्रीपुरुषांची ताठ नळीने दरवर्षी तपासणी होई आणि दिसेल तो पॉलिप काढला जाई. पंचवीस वर्षांत १८ हजारांहून अधिक माणसे तपासली गेली. १९७४ मध्ये त्यांनी जाहीर केले की अपेक्षेच्या मानाने गुदाशयाचे कर्करोग ८५ टक्के कमी झाले. आकडा ऐकून कोणीही भारावून जाईल.

इथे शाळेतला अनुभव उपयोगी पडतो. दहावीच्या जादा तासांना जी मुले न चुकता येतात ती बहुधा पास होतात. पण ती जादा तासांमुळे पास झाली, की जी येतात ती मुळातच होणारी होती? दरवर्षी स्वतःहून तपासणीला येणारा माणूस इतर बाबतींतही जपणारा असतो. गिल्बर्टसन यांच्याजवळ तुलनेसाठी दुसरा वर्गच नव्हता. आणखी एक फसगत असते. समजा, मिरजेला एक पूल पडला आहे आणि गाडी तिथे कोसळणारच आहे. एका प्रवाशाला ही बातमी लोंढ्याला कळली, दुसऱ्याला घटप्रभेला. पहिला म्हणेल, मी बातमी कळल्यावर कितीतरी अधिक वेळ जगलो. पण दोघेही मिरजेलाच पडले. रोग लवकर कळणे आणि आयुष्य वाढणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या जाहिराती वाचताना हे विसरायला होते.

१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्रिटनचे विल्सन आणि स्वीडनचे युंगनर यांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. निरोगी वाटणाऱ्या लोकांना केव्हा तपासावे आणि केव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये, याची दहा तत्त्वे तीत आहेत. रोगाला ओळखता येईल अशी पूर्वावस्था हवी, त्यावर उपाय हवा, तपासणी लोकांना मानवणारी हवी, खर्च झेपणारा हवा. आजारी माणूस डॉक्टरांकडे स्वतः येतो. निरोग्याला डॉक्टर बोलावतात. बोलावणाऱ्यावर जबाबदारी अधिक, हा त्या पुस्तिकेचा गाभा.

पुराव्याचे पहिले चोख काम एका साध्या कागदाने केले. वेस्ट इंडीजमध्ये ग्वायाकम नावाचा टणक लाकडाचा वृक्ष होतो. सोळाव्या शतकात त्याचे लाकूड युरोपात फिरंग रोगावरचे औषध म्हणून विकले जाई. त्या औषधाचा उपयोग फारसा नव्हता, पण त्याच झाडाच्या डिंकाचा दुसरा गुण नंतर कळला : रक्त असेल तर योग्य द्रावण टाकताच तो निळा होतो. ओहायोतील डेव्हिड ग्रीगर यांनी १९६० च्या दशकात या डिंकाने माखलेली कागदी पट्टी रोग्यांच्या घरी दिली. घरीच शौचाचा कणभर नमुना लावायचा आणि पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारे रक्तही त्यात पकडले जाई.

मिनेसोटातच १९७५ साली ४६,५५१ माणसांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले गेले : एकाला दरवर्षी पट्टी, दुसऱ्याला वर्षाआड, तिसऱ्याला काहीच नाही. १९९३ मध्ये निकाल आला. दरवर्षी पट्टी लावणाऱ्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते. जादा तासांचा आक्षेप इथे लागू पडत नव्हता. गंमत अशी की त्या गटातल्या ३८ टक्के लोकांना कधी ना कधी पट्टी रंगल्यामुळे दुर्बिणीची तपासणी करावी लागली होती. म्हणजे यश पट्टीचे किती आणि दुर्बिणीचे किती, हा वाद उरलाच.

दुर्बिणीच्या बाजूनेही त्याच सुमारास पुरावा जमत होता. कॅलिफोर्नियातील ज्यो सेल्बी यांचा १९९२ चा अभ्यास मला फार आवडतो. कर्करोगाने मेलेल्यांचे जुने कागद त्यांनी काढले आणि त्यांची ताठ नळीने तपासणी पूर्वी झाली होती का, ते पाहिले. ज्यांची झाली होती त्यांना नळी जिथवर पोचते तिथल्या कर्करोगाने मरण येण्याचे प्रमाण ५९ टक्के कमी निघाले, आणि नळी जिथे पोचत नाही तिथल्या कर्करोगात काहीच फरक नव्हता. फरक केवळ जपून राहणाऱ्या स्वभावामुळे पडला असता, तर तो दोन्हीकडे दिसला असता. जुन्या दफ्तरातून असा सवाल सोडवणे ही इतिहासकाराचीच रीत आहे. १९९३ मध्ये सिडनी विनावर यांनी दुर्बिणीने पॉलिप काढलेल्या १,४१८ लोकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्यात नंतर झालेले कर्करोग, तुलनेसाठी घेतलेल्या निरनिराळ्या गटांच्या मानाने ७६ ते ९० टक्के कमी होते.

हे आकडे ऐकल्यावर अमेरिका थांबली नाही. १९९७ च्या मार्गदर्शक सूचनांत पन्नाशीनंतर दर दहा वर्षांनी संपूर्ण आतड्याची तपासणी हा पर्याय आला. १९९८ च्या जानेवारीत दूरदर्शन-निवेदिका केटी कूरिक यांचे पती या रोगाने बेचाळिसाव्या वर्षी गेले, आणि मार्च २००० मध्ये कूरिक यांनी स्वतःची तपासणी लाखो प्रेक्षकांसमोर करून घेतली. त्यानंतरच्या महिन्यांत अशा तपासण्या सुमारे २० टक्क्यांनी वाढल्या. २००१ पासून वृद्धांच्या सरकारी विम्यातून सर्वसाधारण माणसालाही तिचा खर्च मिळू लागला. रेगन यांच्या शस्त्रक्रियेने जे कुतूहल जागे झाले होते त्याची पंधरा वर्षांत रूढी झाली. चिठ्ठ्या टाकून, दोन गट करून या तपासणीचा कस मात्र कोणी लावला नव्हता. सगळ्यांचा विश्वास बसल्यावर कस लावायला धजावतो कोण?

तपासणी करणाऱ्याच्या हातावर किती अवलंबून असते, हेही उशिरा लक्षात आले. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे बारा डॉक्टरांच्या ७,८८२ तपासण्यांचा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी आतड्याच्या टोकापर्यंत नेऊन ती बाहेर काढताना अस्तर पाहायचे असते. या परतीच्या वाटेला सरासरी सहा मिनिटे किंवा अधिक वेळ देणाऱ्या डॉक्टरांना २८ टक्के लोकांत पॉलिप सापडले. घाई करणाऱ्यांना १२ टक्क्यांतही नाही. यंत्र तेच, रोग तोच.

शेवटी कस लावला तो युरोपाने. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधील ५५ ते ६४ वयाच्या सुमारे ८४,६०० लोकांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या २८,२२० जणांना या तपासणीचे निमंत्रण गेले, इतरांना नाही. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, निकाल छापून आला. निमंत्रितांत या कर्करोगाचे प्रमाण ०.९८ टक्के, इतरांत १.२० टक्के, म्हणजे १८ टक्क्यांची घट. मृत्यूंतला फरक ०.२८ आणि ०.३१ असा इतका बारीक, की तो योगायोग नव्हे असे छातीठोकपणे म्हणता येईना. एक कर्करोग टाळायला ४५५ जणांना बोलवावे लागले. ७६ आणि ९० टक्क्यांची सवय झालेल्या मंडळींना हा धक्काच होता.

वर्तमानपत्रांनी ‘तपासणी निरुपयोगी’ असे मथळे दिले, ते चुकीचे होते. निमंत्रण मिळालेल्यांपैकी फक्त ४२ टक्के लोक गेले. जे गेले त्यांच्यापुरता हिशेब केला तर घट ३१ टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय जो रोग दहा-पंधरा वर्षे दबा धरून असतो, त्याच्या मृत्यूंचा हिशेब दहा वर्षांत पुरा होत नाही. तपासणी झालेल्या ११,८४३ लोकांपैकी १५ जणांना पॉलिप काढल्यावर मोठा रक्तस्राव झाला. आतडे कोणाचेही फाटले नाही. हा प्रयोग मी तपासणीच्या विरोधातला मानत नाही. तिला तिची खरी किंमत मिळाली, एवढेच.

दरम्यान दुसऱ्या देशांनी पट्टीचीच वाट सुधारली होती. जपानने १९९२ पासून चाळिशीपुढच्या सर्वांसाठी मानवी रक्तच तेवढे ओळखणारी नवी चाचणी सुरू केली. इंग्लंडमध्ये २००६ पासून पाकीट टपालाने घरी येते आणि नमुना टपालानेच परत जातो. ज्याच्या नमुन्यात रक्त आढळते त्यालाच दुर्बिणीसाठी बोलावतात. स्पेनमध्ये दोन्ही वाटांची थेट तुलना झाली. एका गटाला दुर्बिणीचे एकवेळचे निमंत्रण, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी ही साधी चाचणी. २०२५ मध्ये जाहीर झालेला दहा वर्षांचा निकाल असा, की मृत्यूंच्या बाबतीत साधी चाचणी दुर्बिणीपेक्षा कमी ठरली नाही. लोकांना ती अधिक मानवली, हे त्याचे एक मोठे कारण.

आपल्याकडचे काय? भारतात २०२२ मध्ये या रोगाचे सुमारे ७० हजार नवे रोगी झाल्याचा अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळच कमी. साधे त्रैराशिक मांडले तर तिकडे ४५५ जणांना बोलावून जे साधते, त्यासाठी इकडे कितीतरी पट अधिक माणसे बोलवावी लागतील. म्हणून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे आणि आतड्याचा नाही, यात मला तरी अन्याय दिसत नाही. आमच्या भागात पन्नाशीच्या माणसाला सणाच्या सवलतीत ‘संपूर्ण तपासणी’ विकतात, तिच्यात दुर्बीणही घालतात. ती कशासाठी, हे विचारायला हरकत नाही.

पण प्रमाण कमी आहे ते रक्तामुळे नव्हे. विल्यम हेन्झेल यांनी १९६० च्या दशकात जपानहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा मायदेशात विरळ असलेला हा रोग नव्या देशात त्यांना तिथल्या लोकांइतकाच होताना दिसला. युगांडात काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये त्याचे श्रेय आफ्रिकी जेवणातल्या चोथ्याला दिले. हे वाचून आपण ज्वारीच्या भाकरीकडे अभिमानाने पाहू लागलो. परंतु गव्हाचा कोंडा खाऊ घालून पॉलिप पुन्हा उगवायचे थांबतात का, हे अमेरिकेत पाहिले तेव्हा २००० साली उत्तर नाही असे आले. भाकरी चांगलीच, पण तिला विम्याचा हप्ता समजू नये. आणि आपली मुले न्यू जर्सीला, पुण्या-बेंगळुरूला भाकरी खात नाहीत. अमेरिकेत तर तरुणांतले वाढते प्रमाण पाहून २०१८ मध्ये कर्करोग संस्थेने आणि २०२१ मध्ये सरकारी तज्ज्ञमंडळाने तपासणीचे वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले. माझ्या एका भाच्याला तिकडे असे पत्र आले, तेव्हा त्याने विचारले, मामा, तुम्ही केली का? मी साधी चाचणी केली. काही त्रास नसलेल्या, घराण्यात हा रोग ठाऊक नसलेल्या माझ्या वयाच्या माणसाला एवढे पुरेसे वाटले.

हे सगळे काहीही त्रास नसलेल्यांचे झाले. शौचावाटे रक्त पडणारा माणूस यात बसत नाही. आमच्याकडे रक्त दिसले की मूळव्याध, आणि मूळव्याध म्हटले की गावोगावची झाडपाल्याची औषधे, हा रिवाज आहे. वर्षे जातात, आणि ती नेमकी ड्यूक्स यांच्या पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर जाण्याची वर्षे असू शकतात. त्या माणसाने पन्नाशीची वाट पाहायची नसते, पट्टीचीही नाही. त्याने सरळ डॉक्टरांकडे जायचे असते.

वयाची अट आणखी एका बाबतीत लागू नाही. आईवडील किंवा सख्खे भावंड यांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्या व्यक्तीला रोग झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीने तपासावे असे सांगतात. म्हणजे डॉक्टरांचा पहिला प्रश्न घराण्याच्या इतिहासाचा असतो. आमच्या भागात हेळवी येतो. बैल घेऊन दारात उभा राहतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावे घडाघडा म्हणतो, कोण कुठून आला, कोणी कुठली जमीन घेतली. आमच्या घराण्याची अकरा पुरुषांची नावे त्याने मला सांगितली आहेत. कोण कशाने गेला, हे त्याच्या वहीत नसते.

गेल्या वर्षी माझ्या एका चुलतभावाला डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले काका, १९८७ साली छपन्नाव्या वर्षी गेले. घरात विचारल्यावर तीन उत्तरे मिळाली. काकू म्हणाल्या, मूळव्याध बळावली होती. आत्याच्या मते कावीळ. धाकट्या काकांना एवढेच आठवत होते की मिरजेच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिले आणि तसेच शिवले. तिथला कागद बरीच वर्षे देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात होता; जुने घर पाडले तेव्हा तो रद्दीत गेला. चुलतभाऊ बावन्न वर्षांचा आहे. कागद नसला तरी डॉक्टरांनी काकांचा रोग आतड्याचाच धरला, आणि त्याच्या तपासणीची तारीख लावून दिली.